उसने घेतलेले पाणी
(पोफळीचे वीजगृह, वाशिष्ठीची खाडी आणि मत्स्यशेतीचा इतिहास)

कऱ्हाडहून चिपळूणकडे येणारा रस्ता कुंभार्ली घाट उतरतो तेव्हा पायथ्याशी पोफळी हे गाव लागते. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. ओलाव्याशिवाय जे जगत नाही अशा झाडाचे नाव या गावाला मिळावे, हे आज फारच समर्पक वाटते. कारण गेल्या साठ वर्षांत पोफळीची जी काही ख्याती झाली ती पाण्यामुळेच झाली. येथे डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पडलेला पाऊस येथे पश्चिमेच्या उतारावर येतो, चक्रे फिरवतो आणि वाशिष्ठी नदीच्या वाटेने अरबी समुद्राला मिळतो.

मासळीच्या शेतीचा इतिहास सांगायचा आणि आरंभ समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वीजगृहापासून करायचा, हे वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. पण कोणत्याही मत्स्यतळ्याचा इतिहास हा मुळात पाण्याचा इतिहास असतो. मासे तळ्याच्या मालकाचे असतात, जमीन मालकाची असते, खाद्य त्याने विकत घेतलेले असते. पाणी मात्र त्याने खाडीकडून उसने घेतलेले असते. हे उसने पाणी कोणत्या अवस्थेत हाती येते आणि कोणत्या अवस्थेत परत केले जाते, या एका प्रश्नाभोवती या व्यवसायाची भरभराट आणि दुर्दशा फिरत आलेली आहे.

घाटापलीकडचे पाणी

कोयना ही कृष्णेची उपनदी. निसर्गाच्या योजनेप्रमाणे तिचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराकडे जावयाचे. हेळवाकजवळ धरण बांधून, बोगद्यांतून ते पाणी पश्चिमेकडे वळवून आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडून वीज निर्माण करण्याची योजना स्वातंत्र्यानंतर आकारास आली. १९६२ च्या मे महिन्यात पोफळी येथील पहिले जनित्र सुरू झाले. पहिल्या दोन टप्प्यांनंतर कोळकेवाडीचे धरण झाले. पोफळीहून सुटलेले पाणी तेथे अडवून तिसऱ्या टप्प्याची वीज त्याच पाण्यापासून पुन्हा निर्माण होऊ लागली. १९९९ च्या मार्च महिन्यात शिवसागर जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेण्यात आले. आज सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्रातील गिरण्या, कारखाने व घरे या विजेने उजळली, हे निर्विवाद आहे.

या पाण्यावरून तंटाही झाला. कृष्णा पाणीवाटप लवादापुढे महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश ही राज्ये उभी राहिली. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाने १९७३ मध्ये निवाडा व १९७६ मध्ये पुढील अहवाल दिला, आणि कोयनेचे पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. हा हिशेब १ जून ते ३१ मे असा ठेवला जातो व तो अत्यंत काटेकोर असतो. पूर्वेच्या शेतकऱ्याला किती थेंबांना मुकावे लागले हे त्यावरून कळते. परंतु पश्चिमेस जेथे हे पाणी जाऊन पडते त्या खाडीचे काय होते, हा प्रश्न त्या तंट्याचा विषयच नव्हता. वाशिष्ठी कृष्णेच्या खोऱ्यात येत नाही. तिचा कोणी पक्षकार नव्हता, वकीलही नव्हता.

६७.५ अब्ज घनफूट हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहणे कठीण. कोळंबीचे एक हेक्टरचे तळे एक मीटर खोल भरावयाचे तर १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी लागते. पोफळीच्या वाटेने उतरणारे पाणी वर्षभर सारखे वाटून दिले, तर रोज असली सुमारे सव्वापाचशे तळी भरतील. एवढे गोडे पाणी एका लहानशा कोकणी नदीत, तेही उन्हाळ्यात, येऊन पडू लागले.

कोकणातील नद्यांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात त्या लोंढ्याने धावतात आणि मार्चनंतर त्यांचे पात्र कोरडे पडते. त्या वेळी समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर खाडीत दूरवर आत शिरते. या वार्षिक चक्राशी खाडीतील जिवांनी आपले आयुष्य जुळवून घेतलेले असते. कोळंबीची पिल्ले समुद्रातून खाडीत वाढावयास येतात व मोठी झाली की परत जातात. बोय मासा भरतीबरोबर चढतो. कालवे व तिसऱ्या ठरावीक खारेपणाच्या पट्ट्यात वस्ती करतात. वाशिष्ठी मात्र पोफळीच्या पाण्याने बारमाही झाली. तिच्या खाडीच्या वरच्या भागात भर उन्हाळ्यातही पाणी गोडे राहू लागले आणि खाऱ्या पाण्याची सीमा खाली सरकली. शिवाय वीजगृह हे झऱ्याप्रमाणे एकसारखे वाहत नाही. विजेची मागणी वाढली की पाणी अधिक सुटते, मागणी उतरली की कमी होते. चंद्राच्या भरती-ओहोटीबरोबर खाडीला आता विजेच्या मागणीचीही भरती-ओहोटी सांभाळावी लागते.

हे सारे वाईटच झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिपळूणच्या नळांना या नदीचे पाणी आहे, काठच्या बागायतीला आहे. सांगावयाचे ते एवढेच, की घाटावरील एका निर्णयाने खाडीचे पाणी बदलले आणि खाडीवर पोट भरणाऱ्यांना ते कोणी विचारले नाही.

खाजणाची रीत

खाडीचे पाणी उसने घेऊन मासे वाढवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. गोव्यातील खाजण जमिनी हे तिचे उत्तम उदाहरण. भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून राखावयाची, आत खारेपणा सोसणारे भात लावावयाचे आणि बांधात एक लाकडी झडप बसवावयाची. तिला मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या भाराने उघडते. पाणी हवे तेवढेच आत घेतले जाते, आणि जाताना मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासळी व कोळंबी मिळते. ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. गावकरी संस्थांचे रीतिरिवाज १५२६ च्या सनदेत लिहून ठेवले गेले. ते रिवाज पोर्तुगीजांनी निर्माण केले नव्हते, त्यांनी ते केवळ नोंदवले.

उत्तर कोकणातही हीच विद्या वेगळ्या नावांनी नांदत होती. पेण-अलिबागच्या खारेपाटात झडपेला उघाडी म्हणतात, आणि तेथील शेतकरी खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यात वाढवीत आले आहेत. दक्षिणेस केरळात तर पोफळीच्या नावाशी यमक जुळावे अशी पोक्कळी नावाची शेती आहे: पावसाळ्यात भात, नंतर त्याच खाचरांत कोळंबी. भाताची कापलेली धाटे कुजून कोळंबीचे अन्न होते, आणि कोळंबीच्या विष्ठेचे पुढच्या भाताला खत होते.

या सर्व पद्धतींत दोन गोष्टी समान होत्या. एक म्हणजे बाहेरचे खाद्य नसे. जेवढे भरती आणील तेवढ्यावर मासळी वाढे. त्यामुळे परत जाणारे पाणी आलेल्या पाण्यापेक्षा फारसे निराळे नसे. दुसरी म्हणजे बांध आणि झडप एकट्याच्या मालकीची नसे. ती केव्हा उघडावी व केव्हा मिटावी हे गाव ठरवी, कारण एकाने लोभाने खारे पाणी आत ठेवले तर शेजाऱ्याचे भात जळे. ही रीत मोडली तेव्हा काय झाले हेही गोव्यानेच दाखवले. गोवामुक्तीनंतर कुळकायदे आले, बांधांची देखभाल गावकरी संस्थांकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि पुढे मासळीचा भाव चढला तेव्हा काही ठिकाणी मानशीच्या लिलावाचा पैसा भातापेक्षा मोठा ठरला. झडप उघडी राहू लागली आणि पिकती शेते खारावली.

युरोपातही ही जाण होती. प्रायश्चित्तकाळात व शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने तेथील मठांना व जमीनदारांना समुद्रापासून दूर राहून मासे मिळवणे भाग होते. त्यासाठी तळी खोदली गेली. बोहेमिया-मोराव्हियात ही विद्या इतकी वाढली की ओलोमौत्सचे बिशप यान दुब्राव्हियस यांनी १५४७ मध्ये मत्स्यतळ्यांवर लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथच छापला. तळे कोठे बांधावे, पाणी कसे आणावे व कसे सोडावे, यांचा विचार एका धर्माध्यक्षाने करावा यात त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. त्या प्रदेशात अधूनमधून तळे रिकामे करून त्याचा तळ उन्हात वाळवण्याची व त्यात धान्य पेरण्याचीही चाल होती. तळ्यालाही विसावा लागतो, हे त्या लोकांनी रसायनशास्त्र जन्माला येण्यापूर्वी ओळखले होते.

कोळंबीची लाट

विसाव्या शतकाने ही जुनी रीत पालटली. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कोळंबीची अंडी बंदिस्त जागेत उबवण्यात यश मिळवले आणि भरतीने आणलेल्या पिल्लांवर अवलंबून राहण्याची गरज संपली. हवी तितकी पिल्ले तळ्यात सोडता येऊ लागली. पिल्ले दाट झाली म्हणून बाहेरचे खाद्य आले. खाद्य आले म्हणून घाण वाढली. घाण वाढली म्हणून पाणी वारंवार बदलणे आले. येथेच खाजणाची मर्यादा ओलांडली गेली.

तळ्यात घडते ते समजण्यास कठीण नाही. कोळंबीला दिलेल्या खाद्यातील नत्राचा साधारण पाव ते एक-तृतीयांश भागच तिच्या अंगी लागतो. उरलेला विष्ठा, न खाल्लेले कण आणि अमोनिया या रूपांनी पाण्यात व गाळात राहतो. त्यावर शेवाळ फोफावते. दिवसा ते प्राणवायू देते, रात्री तेच प्राणवायू घेते. म्हणून पहाटेची वेळ तळ्याला सर्वांत घातक. प्रत्येक लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असावा अशी अपेक्षा असते. तो फार उतरला की कोळंबी पृष्ठभागाशी येऊन तडफडू लागते. तळाचा गाळ काळा पडतो, त्याला कुजक्या अंड्याची दुर्गंधी येते. तो हायड्रोजन सल्फाइड वायू, आणि तो विषारी असतो. असे पाणी खाडीत सोडले की तीच प्रक्रिया खाडीत सुरू होते. ओहोटीला सोडलेले पाणी समुद्रात निघून जाते ही समजूत भोळेपणाची आहे. त्याचा मोठा भाग सहा तासांनी भरतीबरोबर परत येतो. एकाचा निचरा ही दुसऱ्याची भरणी ठरते, आणि पुष्कळदा स्वतःचीही.

तैवानने हा धडा प्रथम घेतला. तेथील टायगर कोळंबीची भरभराट १९८७-८८ च्या सुमारास रोगांनी कोसळली. भारतात नव्वदीच्या आरंभी आंध्र व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर तीच लाट उसळली. भातशेते विकत घेतली गेली, गोड्या विहिरी खारट झाल्या, कोळ्यांच्या किनाऱ्याकडे जाण्याच्या वाटा अडल्या. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग आला. तो एका तळ्यातून निघालेल्या पाण्याबरोबर दुसऱ्या तळ्यात शिरला आणि पिकेच्या पिके बुडाली.

तमिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून किनाऱ्यांची पाहणी करविली आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. पारंपरिक व सुधारित पारंपरिक तळी वगळता किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबी तळी काढून टाकावीत, ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई द्यावी, असा त्याचा आशय होता. पुनर्विचार याचिकांमुळे तळी पाडण्याची अंमलबजावणी थांबली. २००५ साली संसदेने तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा करून हा व्यवसाय परवान्याच्या चौकटीत आणला. या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची झाली, नव्या तळ्यांसाठी भरतीरेषेपासून अंतर ठरले, मोठ्या शेतांना निचऱ्याचे पाणी आधी निवळवून मगच सोडण्याचे बंधन आले आणि घातक प्रतिजैविकांवर बंदी आली. २००९ पासून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हनामी कोळंबीला परवानगी मिळाली व देशातील कोळंबीचे उत्पादन पुन्हा वाढले. २०२३ मध्ये या कायद्यात सुधारणाही झाली.

लक्षात घेण्यासारखे हे की, न्यायालयाने ज्या पारंपरिक तळ्यांना अभय दिले ती म्हणजे खाजण, पोक्कळी व त्यांच्यासारखी. गावाने झडपेवर बसून जो नियम पाळला होता, तोच निराळ्या भाषेत कायद्याच्या पुस्तकात परत आला.

दाभोळच्या खाडीत

आता पोफळीहून निघालेल्या पाण्याबरोबर पुन्हा खाली येऊ. चिपळूण, गोवळकोट ओलांडून वाशिष्ठीची खाडी दाभोळला समुद्रास मिळते. हे मध्ययुगातील मोठे बंदर. १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने ते जाळले होते. जहाजांचे ते वैभव गेले, पण खाडी राहिली, आणि तिच्या काठी भोई, खारवी व दालदी मच्छीमारांची वस्ती राहिली. काठाच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून कालवे व तिसऱ्या काढतात. ही उपजीविका जाळे व होडी यांहूनही स्वस्त. एक कोयती आणि टोपली एवढेच तिचे भांडवल.

या खाडीला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आणखी एक शेजारी मिळाला: लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत. तिचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून खाडीकडे जाते. खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी मच्छीमारांनी वारंवार केल्या, मोर्चे काढले, प्रकरणे शासनापर्यंत व न्यायासनापर्यंत गेली. येथे पोफळीच्या पाण्याचा एक विचित्र उपयोग दिसतो. वरून येणारे मुबलक गोडे पाणी खालची घाण पातळ करते. म्हणजे ज्या पाण्याने खाडीचा खारेपणा बदलला, तेच पाणी तिचे काही अंशी रक्षणही करते. पण पातळ करणे म्हणजे स्वच्छ करणे नव्हे. वीजगृहाचे पाणी ज्या दिवशी कमी सुटेल, त्या दिवशी ही सोय आपोआप कमी होते.

अशा खाडीच्या काठी कोणी कोळंबीचे तळे बांधले तर त्याची स्थिती पाहा. टायगर कोळंबीला साधारण दर लिटर दहा ते पंचवीस ग्रॅम क्षार असलेले पाणी मानवते, आणि त्यात अकस्मात चढउतार झाले की ती रोगाला बळी पडते. त्याचा खारेपणा पोफळीवर अवलंबून, त्याची शुद्धता लोट्यावर अवलंबून. आणि तो स्वतः जे सोडील त्यावर खालच्या चिखलातली कालवे अवलंबून. कालव पाणी गाळून जगते, ते जागा सोडून पळू शकत नाही. म्हणून खाडीत जे जे कोणी सोडले त्याचा शेवटचा हिशेब त्याच्या शिंपल्यात जमा होतो, आणि तेथून टोपली घेऊन आलेल्या बाईच्या चुलीवर.

अनेकदा मत्स्यशेतकरी केवळ गुन्हेगार ठरवला जातो किंवा केवळ उद्योजक म्हणून गौरवला जातो. वाशिष्ठीचा इतिहास त्याला दोन्हींच्या मध्ये उभा करतो. वरच्यांनी बिघडवलेल्या पाण्याचा तो पहिला बळी आहे आणि खालच्यांसाठी तो स्वतःच वरचा आहे. वरच्यांकडे न्याय मागण्याचा त्याचा अधिकार तो खालच्यांशी कसा वागतो यावरच टिकेल.

आपल्यापैकी वसईच्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेथील विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले तेव्हा लोकांनी रस्त्यावर येऊन विचारले होते, की पाणी नेणाऱ्याने मागे राहणाऱ्याला विचारावे की नाही? खाडीच्या बाबतीत पाणी नेले जात नाही, आणून सोडले जाते, एवढाच फरक. विचारणे तेथेही उरतेच.

रत्नागिरी जिल्ह्यात हे विचारण्याची साधने आहेत. शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. खारेपणा, प्राणवायू व अमोनिया मोजणे तेथील विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिकतात. ही मोजमापे अवघड नाहीत आणि महागही नाहीत. कोयनेचे पाणी किती सोडले याची नोंद पोफळीला रोज होते, तळ्यातील पाण्याची नोंद चांगला मत्स्यशेतकरी रोज पहाटे करतो. या दोन नोंदवह्यांच्या मध्ये सारी खाडी पसरलेली आहे. वर किती सुटले व खाली काय झाले हे एकाच पानावर लिहिले गेले, आणि ते पान काठच्या गावांना वाचावयास मिळाले, तर गावाने झडपेवर बसण्याची जुनी रीत नव्या स्वरूपात परत येईल. तोपर्यंत पोफळीचा हिशेब बोगद्याच्या तोंडाशी संपतो, आणि त्यापुढचा हिशेब ओहोटीच्या चिखलात उतरलेली बाई आपल्या टोपलीत किती कालवे आली यावरून करीत राहते.